ज्युदोची बिगिनर बॅच, पहिला महिना फक्त उभं राहणं, चालणं आणि पडणं

कोथरूडमध्ये आमच्या घराजवळ एका हॉलमध्ये ज्युदोचा क्लास चालतो, मी आणि माझा नऊ वर्षांचा लेक जूनपासून बिगिनर बॅचला जातोय, तीन महिने झाले म्हणून लिहितेय. पहिल्या महिन्यात कोणाला उचलून टाकायला शिकवत नाहीत हे आधीच सांगते, कारण "नुसतं चालायलाच शिकवतात" म्हणत चार-पाच पालकांनी पोरांना काढून घेतलं आणि मला खरंच वाईट वाटलं.

अहो, सगळं त्या चालण्यातच आहे. आधी शिझेन्ताई, म्हणजे सहज उभं राहणं, पाय खांद्याएवढे फाकवून, गुडघे किंचित सैल, खांदे मोकळे. मी एकदम ताठ उभी होते, सरांनी कॉलर धरून जरासं ओढलं आणि मी दोन पावलं धडपडत पुढे गेले. मग गुडघे सैल सोडायला लावले, परत तेवढंच ओढलं, या वेळी अंग आपोआप त्यांच्याबरोबर सरकलं. नंतर सुरिआशी, पाऊल उचलायचं नाही, मॅटवरून सरकवत न्यायचं, टाचेखालून कागद जाईल इतकीच टाच वर. मग त्सुगिआशी ही दुसरी चाल, तिच्यात मागचा पाय पुढच्याजवळ येतो पण त्याला ओलांडत नाही, ओलांडला की पाय एकमेकांत अडकतात आणि समोरचा नेमका तेव्हाच पाडतो.

उकेमी, म्हणजे पडणं, तर फारच छान शिकवतात. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्याने. नजर बेल्टच्या गाठीवर म्हणजे डोकं आपटत नाही, आणि मॅटवर कोपर नाही, तळव्यासकट अख्खा हात एकदम आपटायचा. लेकाची मान मागे जायची, सरांनी त्याला हनुवटीखाली रुमाल धरायला लावला, रुमाल सुटला की परत पहिल्यापासून. चौथ्या दिवशी सुटला नाही!

हॉल छोटा आहे, पण ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये टोकियोच्या एइशोजी देवळात १२ तातामींवरच (जपानी गवती चटयांवरच) सुरुवात केली होती, त्यामुळे तक्रार जागेची नाही, मॅटची आहे. दोन मॅटमध्ये फट पडते, सुरिआशी करताना माझा अंगठा त्यात अडकून मुरगळला, आठवडाभर लंगडत होते. सांगितल्यावर चिकटपट्टी लावली पण ती सारखी निघते, फी घेताय तर मॅट बदला ना.

फी महिना १५०० रुपये, ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा ड्रेस, वेगळी. कॉटन धुतल्यावर आटतं, एक साईझ मोठीच घ्या आणि पायाची नखं कापून जा.