बीएसए ए६५ साठी टायमिंग बाजूचा बदली बुश: धातुकाम चोख, माहितीपत्रक अपुरे

१९६२ साली आलेल्या बीएसए ए६५ या जोडसिलिंडर मोटारसायकलच्या इंजिनात क्रँकशाफ्टची टायमिंगकडची (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या गिअरांकडची) बाजू बॉल किंवा रोलर बेअरिंगवर नव्हे, तर साध्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या आखूड नळीत, फिरते, आणि पंपाने ढकललेले तेलही याच बुशमधून क्रँकशाफ्टमध्ये शिरून दोन्ही बिग एंडकडे (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकशाफ्टवरील टोकांकडे) जाते. म्हणजे हा बुश बेअरिंग तर आहेच, शिवाय तेलवाहिनीचा एक सांधाही आहे. परीक्षणासाठी घेतलेला फॉस्फर ब्राँझचा बदली बुश बेअरिंग म्हणून चांगला आहे. तेलाच्या बाजूची जबाबदारी मात्र उत्पादकाने पूर्णपणे जोडणी करणाऱ्यावर टाकली आहे.

लेथवरचे काम नीटनेटके आहे. बाहेरचा व्यास दोन्ही टोकांना सारखा भरतो आणि तेलाच्या छिद्राच्या कडेला धातूची कूस राहिलेली नाही. आतला व्यास मुद्दाम कमी ठेवला आहे व ते योग्यच आहे, कारण क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्टभोवतीच्या इंजिनाच्या कवचात) घट्ट बसल्यावर बुश थोडा आवळतो आणि अंतिम माप त्यानंतरच काढावे लागते. हे रीमिंग (रीमर या हत्याराने भोक नेमक्या मापाचे करणे) क्रँककेसचे दोन्ही भाग बोल्टने जोडून, समोरच्या बेअरिंगच्या जागेतून रीमरला आधार देऊन करायचे असते. तसे न केल्यास भोक तिरके जाते. माहितीपत्रकात यासाठी ‘बसवल्यावर रीम करावा’ एवढेच एक वाक्य आहे.

खरी मेख बुश आणि जर्नल यांमधील फटीत आहे. जर्नल, म्हणजे क्रँकशाफ्टचा बुशमध्ये फिरणारा गोल भाग, सुमारे दीड इंच व्यासाचा असतो, आणि व्यासाच्या प्रत्येक इंचामागे एक हजारांश इंच या कारागिरांच्या ढोबळ हिशेबाने फट ०.०४ मिलिमीटरच्या आसपास येते. फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली तर त्याच दाबाला सुमारे आठपट तेल बाजूने निसटते आणि पंपापासून सर्वांत दूर असलेला ड्राइव्ह बाजूचा (टायमिंगच्या विरुद्ध बाजूचा) बिग एंड कोरडा पडू लागतो. झिजलेला बुशही चकचकीत दिसतो, त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबणे व्यर्थ आहे. जुना बुश बोअर गेजने दोन्ही टोकांना, काटकोनातील दोन दिशांनी मोजावा, तसाच जर्नल मायक्रोमीटरने. जर्नल लंबगोल झाला असेल, तर आधी तो ग्राइंड करून घ्यावा व नव्या बुशचे माप त्यावरून ठरवावे. नवा बुश झिजलेल्या जर्नलवर चढवणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

बुश बसवताना अॅल्युमिनियमची क्रँककेस तापवावी, आणि बुशचे छिद्र केसमधील तेलमार्गाच्या छिद्रासमोर आले आहे याची दाबण्यापूर्वीच खूण करून खात्री करावी. ब्राँझपेक्षा अॅल्युमिनियम अधिक प्रसरण पावते, त्यामुळे सैल बसवलेला बुश गरम इंजिनात फिरू शकतो व स्वतःच तेलाची वाट बंद करतो. क्रँकशाफ्टमधील गाळाच्या नळीचे (तेलातील गाळ जिथे साठतो त्या नळीचे) बूच काढून ती साफ करण्याचे काम अत्यंत कंटाळवाणे आहे (बूच सहसा सहज सुटत नाही), परंतु ते टाळल्यास नव्या बुशमधून आलेले तेल जुन्या गाळातच अडकेल. शेवटी तेलाच्या कॅनने वाहिनीत तेल दाबून ते दोन्ही बिग एंड जर्नलच्या छिद्रांतून बाहेर येते का, हे जोडणीपूर्वी पाहावे.

केसमधील बुशची जागा शाबूत असेल आणि लाइन रीमिंग (वर सांगितल्याप्रमाणे दोन्ही भाग जोडून केलेले रीमिंग) करणारा कारागीर हाताशी असेल, तर हा बुश घेण्यास हरकत नाही. ती जागाच ढिली झाली असेल, तर बाहेरून जादा मापाचा बुश लागतो, आणि तसा या उत्पादकाकडे मिळत नाही.