गणिती शब्दांची पाळंमुळं शोधायला: शिकागो विद्यापीठाचे ऑनलाइन मराठी कोश

स्वभावातला गुण, परीक्षेतले गुण आणि गुणाकारातला गुण यांचं एकमेकांशी नातं काय? असल्या प्रश्नांसाठी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहाइतकी चांगली मोफत जागा नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (1932–1950), तुळपुळे-फेल्डहाऊस यांचा प्राचीन मराठीचा कोश आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश, सगळे तिथे शोधता येतात.

सुरुवात मोल्सवर्थपासून करावी. पहिली अडचण लेखनाची येते. तिथे क्रियापदं जुन्या वळणाने, ‘गुणणें’ अशी अनुस्वारासह आहेत. ‘गुणणे’ टाइप करून काही मिळालं नाही, तर शब्द नाही असं समजू नका; नुसतं ‘गुण’ टाकून त्याने सुरू होणारे शब्द पाहा. शब्दापुढचं मूळ भाषेचं अक्षरही (A म्हणजे अरबी, S म्हणजे संस्कृत) वाचायलाच हवं. ‘वजा’ आणि ‘बाकी’ अरबीतून आलेले, तर ‘वर्ग’, ‘घन’, ‘छेद’ संस्कृत. सरकारी दप्तरातला हिशेब आणि शास्त्र्यांचं गणित हे दोन प्रवाह आपल्या शाळेच्या पुस्तकात एकत्र आले, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

सर्वाधिक चूक होते ती अर्थांच्या क्रमाबाबत. क्रमांक 1चा अर्थ सर्वांत जुना असेलच असं नाही. संस्कृतात ‘गुण’ म्हणजे दोरा, दोराचा पदर. ‘द्विगुण’ म्हणजे दोन पदरी, म्हणून दुप्पट. गुणाकार याच वाटेने आला. हा धागा हाती नसेल, तर कोशातले अर्थ सुटे सुटे वाटतात.

मराठीतून स्पष्टीकरण हवं असेल तर दाते-कर्वे पाहा. तिथे नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती असते आणि जुन्या ग्रंथांतले दाखलेही मिळतात. शिक्षकांना मी हाच कोश आधी सुचवेन.

मर्यादा आहेत. त्रिकोणमितीतल्या ‘साइन’चा संस्कृत शब्द ‘ज्या’, म्हणजे मुळात धनुष्याची दोरी. तिच्या ‘जीवा’ या पर्यायाचं अरबीत ‘जीबा’ झालं, ते ‘जैब’ असं वाचलं गेलं आणि त्याच्या ‘खोळ, खिसा’ या अर्थावरून लॅटिनमध्ये ‘सायनस’ झालं. हा प्रवास मराठी कोशात शोधू नये. ‘सदिश’ (व्हेक्टर), ‘अवकलन’ (डिफरन्सिएशन) यांसारखे अलीकडे घडवलेले शब्द मोल्सवर्थमध्ये शोधणंही व्यर्थ. त्यासाठी भाषा संचालनालयाचा गणिताचा परिभाषा कोश आहे, पण तो प्रतिशब्द देतो, व्युत्पत्ती नाही.

उलट्या दिशेने जायचं असेल, तर मोल्सवर्थमध्ये पूर्ण मजकुराचा शोध निवडून इंग्रजी गणिती संज्ञा टाका. ज्यांच्या अर्थात ती संज्ञा आली आहे, असे त्या काळचे मराठी शब्द एका यादीत समोर येतात.