स्टालिनग्राडच्या नावाने विकलेली १९७४ ची जोडी

बर्लिनमध्ये दर रविवारी भरणाऱ्या एका जुन्या बाजारात मी गेल्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत लष्करी स्कंधपट्ट्यांची एक जोडी २४० युरो रोख मोजून विकत घेतली. स्टालिनग्राडच्या लढाईत उतरलेल्या तोफखान्याच्या एका कॅप्टनची ती जोडी आहे, असे मला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ती १९७४ मध्ये तयार झालेली, संचलनाच्या कोटावरून उसवून काढलेली आणि नंतर जुनी दिसावी म्हणून मुद्दाम रापवलेली निघाली. गेली सहा-सात वर्षे मी लष्करी बिल्ले आणि पट्ट्या जमवतो आहे, म्हणजे मी अगदी नवखा नव्हतो. म्हणूनच हा प्रकार लिहिताना थोडी लाज वाटते आहे. तरीही लिहितो, कारण भारतातून अशा वस्तू केवळ छायाचित्रे पाहून मागवणारे काही मित्र माझ्या ओळखीचे आहेत, आणि मी तर वस्तू हातात घेऊन, उलटीपालटी करून पाहूनही फसलो.

विक्रेता साठीचा, मृदू बोलणारा गृहस्थ होता. त्याने ती जोडी इतर मालात ठेवली नव्हती. टेबलाखालच्या एका पत्र्याच्या डब्यातून, जुन्या रुमालात गुंडाळलेली अशी ती बाहेर आली. ‘आजोबांनी नोव्हेंबर १९४२ मध्ये, जर्मन फौजेला वेढा पडला त्या आठवड्यात, या खांद्यावर घातल्या होत्या,’ असे तो म्हणाला, आणि वर ‘विकायच्या नव्हत्या, पण आता घर बदलतो आहे’ अशी पुस्तीही त्याने जोडली. मी भाव करायला लागलो तेव्हा त्याने रुमाल पुन्हा गुंडाळायला घेतला. हा डाव इतका जुना आहे की आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या बाजारातल्या माणसाने तो दहा पावलांवरून ओळखला असता. मी मात्र घाईघाईने पाकीट काढले.

खरे तर त्याच्या त्या एका वाक्यातच सगळे उघडे पडले होते. ऑक्टोबर क्रांतीनंतर डिसेंबर १९१७ मध्ये नव्या सत्तेने हुद्दे आणि स्कंधपट्ट्या दोन्ही रद्द केले होते, कारण सोनेरी खांदे हे झारच्या अधिकाऱ्यांचे, आणि पुढे यादवी युद्धात विरोधी बाजूच्या अधिकाऱ्यांचे, चिन्ह मानले जात होते. त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षे लाल सेनेत हुद्दा कॉलरवरच्या चिन्हांवरून ओळखला जात असे. त्रिकोण, चौकोन आणि आयत अशी ती चिन्हे होती, आणि १९४२ मधल्या कॅप्टनच्या कॉलरवर एक आयत असे. स्कंधपट्ट्या, ज्यांना रशियन भाषेत पगोनी म्हणतात, परत आणण्याचा हुकूम निघाला तो ६ जानेवारी १९४३ रोजी. त्यांचे तपशील ठरवणारा आदेश १५ जानेवारीचा, आणि सैन्याने त्या घालायला सुरुवात करायची ती १ ते १५ फेब्रुवारीच्या दरम्यान. स्टालिनग्राडमधल्या शेवटच्या जर्मन तुकड्यांनी शस्त्रे खाली ठेवली ती २ फेब्रुवारीला. म्हणजे नोव्हेंबर १९४२ मध्ये त्या कॅप्टनच्या खांद्यावर पगोनी असणे शक्यच नव्हते. या सगळ्या तारखा मला वेगवेगळ्या पाठ होत्या. त्या बाजारात उभे राहून एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात, एवढे मात्र सुचले नाही.

पट्टीचा प्रकारही गोष्टीशी जुळत नव्हता. १९४३ च्या आदेशाने दोन तऱ्हेच्या पट्ट्या ठरवल्या होत्या, रणांगणावरच्या आणि नेहमीच्या. रणांगणावरची पट्टी खाकी हिरव्या रंगाची, तिच्या कडेने सैन्याच्या शाखेच्या रंगाचा गोट, आणि लढाऊ अधिकाऱ्यांच्या पट्टीवर मधोमध गडद तांबडी, बरगंडी छटेची उभी रेघ. लेफ्टनंट ते कॅप्टन या कनिष्ठ हुद्द्यांना अशी एक रेघ, मेजर ते कर्नल यांना दोन. नेहमीच्या पट्टीचे पाते, म्हणजे वरचा दर्शनी भाग, मात्र लढाऊ अधिकाऱ्यांसाठी सोनेरी, आणि वैद्यकीय, तांत्रिक वगैरे अधिकाऱ्यांसाठी चंदेरी. तारे पात्याच्या उलट रंगाचे लावायचे, म्हणजे सोनेरीवर चंदेरी आणि चंदेरीवर सोनेरी. प्रत्यक्षात हा नियम सगळ्यांनी काटेकोर पाळला असे म्हणता येत नाही, त्यामुळे सोनेरीवर सोनेरी तारे दिसले म्हणून लगेच वस्तू खोटी ठरवू नये. तरीही माझ्या हाती आलेली जोडी सोनेरी पात्याची, सोनेरी ताऱ्यांची आणि लाल गोटाची होती. खंदकात बसलेल्या तोफखान्याच्या कॅप्टनने झगमगते सोनेरी खांदे घेऊन काय करायचे होते, हा प्रश्न मला घरी पोहोचेपर्यंत पडला नाही.

संशयाची सुरुवात मात्र तारखांनी केली नाही, ती आईने केली. त्या रात्री व्हिडिओ कॉलवर मी मोठ्या कौतुकाने जोडी कॅमेऱ्यासमोर धरली. आईने आयुष्यभर साड्यांचे दुकान सांभाळले आहे, त्यामुळे तिची नजर कॅप्टनवर न जाता सरळ जरीवर गेली. ‘अरे, ही जर नव्हे. ही प्लास्टिकची आहे. ऐंशी वर्षांची जर अशी आरशासारखी चकाकेल का? एक धागा जाळून बघ,’ असे ती म्हणाली. मी म्हटले, ‘आई, ते रेशमाचेही असायचे.’ ‘मग तर अजून सोपं आहे,’ ती म्हणाली, ‘रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो आणि बोटात चुरडलं की राख होते.’ मी कापलेल्या कडेचा एक धागा चिमट्यात धरून ज्योतीजवळ नेला. तो ज्योतीला लागण्याआधीच आकसला, वितळला आणि त्याच्या टोकाशी काळा, कडक मणी तयार झाला. तो मणी नखाने फुटला नाही. १९४३ ची सोनेरी पाती सोनेरी रेशमाची किंवा धातूच्या कलाबतूची असत. वितळून मणी होणारा धागा कृत्रिम असतो, आणि सोव्हिएत पॉलिस्टर, ज्याला तिकडे लावसान म्हणतात, हे युद्धानंतरचे उत्पादन आहे.

त्यानंतर मी भिंग घेऊन बसलो आणि पुढचे दोन तास एकामागून एक गोष्टी सापडत गेल्या. एका ताऱ्याच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी, सुईने ओरखडा काढला तर आत पांढरा धातू दिसला. पितळ असते तर पिवळा दिसला असता. तो सोनेरी मुलामा दिलेला ॲल्युमिनियमचा तारा होता, वजनाला अगदी हलका, आणि असे तारे व बटणे युद्धानंतरच्या दशकांतली आहेत. लोहचुंबक लावून पाहण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण पितळ आणि ॲल्युमिनियम दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे या बाबतीत त्याचा काही उपयोग नाही. मग ताऱ्याच्या मागचे दोन वाकवलेले पाय सरळ करून मी तारा काढला. इथे मला सगळ्यांत जास्त चपराक बसली. एखादी वस्तू ऐंशी वर्षे उजेडात, धुळीत राहिली असेल तर ताऱ्याखाली झाकलेली जागा ताज्या रंगाची राहायला हवी, जसा भिंतीवरचा जुना फोटो काढला की मागे उजळ चौकोन दिसतो. माझ्या पट्टीवर ताऱ्याखालची जागा आजूबाजूइतकीच तपकिरी होती. कुणीतरी तारे काढून पट्टी चहासारख्या कशाततरी बुडवली होती, वाळवली होती आणि मग तारे परत बसवले होते.

पट्टीची बांधणी पाहिली तेव्हा उरलासुरला विश्वासही गेला. १९४३ ची पट्टी काढता-घालता येणारी असे. तिच्या खालच्या अंगाला कापडाची एक अरुंद जीभ शिवलेली असते, ती गणवेशाच्या खांद्यावरच्या पट्ट्यातून सरकवायची आणि वरच्या टोकाला बटणापाशी दोरीने बांधून टाकायचे. सत्तरच्या दशकातल्या संचलनाच्या कोटाला मात्र पट्टी कायमची शिवलेली असे. माझ्या जोडीला जीभ होती, त्यामुळे विकत घेताना मी निर्धास्त झालो होतो. पण भिंगातून पाहिल्यावर दोन्ही लांब कडांना, गोटाच्या अगदी लगत, सारख्या अंतरावर रिकाम्या छिद्रांची सरळ ओळ दिसली. ती कोटाला शिवलेल्या टाक्यांची छिद्रे होती. जीभ मागाहून, वेगळ्या दोऱ्याने लावलेली होती. खोलीतले दिवे बंद करून जंबुपार किरणांची, चलनी नोटा तपासतात तसली छोटी बॅटरी तिच्यावर धरली, तर तो दोरा लग्नातल्या डीजेच्या निळ्या दिव्याखाली पांढरा सदरा दिसावा तसा झळकला. कापड शुभ्र दिसण्यासाठी धाग्यांत मिसळली जाणारी जी द्रव्ये असा निळसर उजेड देतात, त्यांचा सर्रास वापर युद्धानंतर सुरू झाला. इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. खरी जुनी वस्तू कुणी हल्लीच्या धुण्याच्या पावडरीत धुतली असेल तर तीही झळकते, म्हणून ही परीक्षा एकट्याने निकाल देणारी नाही. माझ्या बाबतीत मात्र जिभेचा दोरा झळकत होता आणि गोट काळोखातच होता, म्हणजे दोघांचे वय एक नव्हते.

शेवटी मी ती जीभ उसवली. तिच्याखाली अस्तरावर जांभळ्या शाईचा, अर्धवट खरवडलेला शिक्का होता. कारखान्याचे नाव गेले होते, पण किमतीपुढचे रूबलचे अक्षर शाबूत होते, आणि त्याच्या खाली ‘७४’ हे आकडे व त्यापुढे रशियन लोक वर्ष लिहिताना लावतात ते ‘ग’ हे अक्षर स्वच्छ वाचता येत होते. ज्याने हे सगळे केले त्याने शिक्का झाकण्यासाठीच जीभ लावली होती, आणि मी तीच जीभ पाहून वस्तू युद्धकाळातली मानली होती.

बाजारात मी त्याच्या टेबलाचा एक फोटो काढला होता. आता तो मोठा करून पाहिला. ‘युद्धकालीन’ अशी चिठ्ठी लावलेल्या ट्रेमध्ये रेघ नसलेली एक पट्टी होती, तिच्यावर दोन लहान तारे उभ्या ओळीत लावलेले. ती प्रापोरश्चिक या हुद्द्याची पट्टी, आणि सोव्हिएत सैन्यात हा हुद्दा १९७२ च्या सुरुवातीपासूनचा. तिच्या शेजारी साध्या शिपायाची लाल पट्टी होती आणि तिच्यावर सोव्हिएत्स्काया आर्मिया, म्हणजे सोव्हिएत सेना, या शब्दांची धातूची आद्याक्षरे. युद्धकाळात तर ती सेना ‘कामगार-शेतकऱ्यांची लाल सेना’ म्हणून ओळखली जाई आणि तिचे नाव १९४६ मध्ये बदलले. खांद्यावरची ही अक्षरे १९६९ च्या गणवेश-आदेशाने आली. शिवाय १९४३ मध्ये पायदळाचा रंग किरमिजी होता, असा चटक लाल नव्हता. ट्रेकडे दोन मिनिटे नीट पाहिले असते तरी विकणाऱ्याला आपल्या मालाचे वय माहीत नाही किंवा ते सांगायचे नाही, एवढे नक्की कळले असते. पण मी रुमालातल्या गोष्टीत गुंतलो होतो.

पुढच्या रविवारी मी जोडी, उसवलेली जीभ आणि काढलेला तारा एका पिशवीत घालून परत गेलो. तो तिथेच होता. त्याने शिक्का पाहिला, खांदे उडवले आणि ‘आजोबांनी सांगितले ते मी तुम्हाला सांगितले’ इतकेच म्हणाला. पावती नव्हती, पैसे रोख दिले होते, आणि १९४२ हा आकडा त्याने कुठे लिहूनही दिला नव्हता. शेजारच्या विक्रेत्याने मान दुसरीकडे वळवली. तक्रार नोंदवावी असे एका मित्राने सुचवले, पण तोंडी गोष्टीखेरीज हाती पुरावा नसताना मी ती वाट धरली नाही. आता कुणाकडूनही पन्नास युरोंच्या वरची वस्तू घेताना मी वर्ष, शाखा आणि मालाचे वर्णन त्याच्या हस्ताक्षरात मागतो. ज्याला खात्री असते तो बहुधा लिहून देतो, आणि ज्याला नसते त्याची किंमत त्याच क्षणी खाली येते.

बर्लिनमध्ये अशा वस्तूंचा सुकाळ का आहे, हेही लक्षात घ्यायला हवे होते. सोव्हिएत आणि नंतर रशियन फौज इथे १९४५ पासून ३१ ऑगस्ट १९९४ पर्यंत होती. तिने मागे सोडलेले किंवा जाताजाता विकलेले गणवेश प्रामुख्याने शेवटच्या दोन-तीन दशकांतले. युद्धकालीन पट्टी इथे मिळणारच नाही असे नाही, पण मिळणाऱ्या शंभरांतल्या बहुतेक तिच्या नातवंडांच्या वयाच्या असतात.

त्याच बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एका बाईकडे मला संचलनाच्या कोटाची, कॅप्टनचीच, लाल गोटाची एक जोडी मिळाली. शिक्का संपूर्ण, वर्ष १९७६, टाक्यांचे दोरे अजून कडांना लोंबत होते. किंमत ६ युरो. तिने कुठलीही गोष्ट सांगितली नाही, फक्त सुटे पैसे आहेत का असे विचारले. दोन्ही जोड्या मी एकाच खोक्यात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, आणि महागड्या जोडीच्या चिठ्ठीवर १९४२ खोडून १९७४ लिहिले आहे.