सहा सिलिंडरच्या जोंगाला टर्बो : अंबडमधील एका वर्कशॉपचा अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील ज्या वर्कशॉपने माझ्या १९७२ सालच्या जोंगाला, म्हणजे जुन्या लष्करी जीपला, टर्बोचार्जर (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) बसवून दिला, त्याचे नाव कोठेही लिहू नये, अशी मालकांची अट आहे. कारण त्यांनीच सांगितले : "नाव छापले की सोमवारी गेटवर दहा जण येतात, त्यांतले नऊ जण बारा पीएसआय बूस्ट मागतात आणि इंजिन उघडायचे म्हटले की परत जातात." (बूस्ट म्हणजे टर्बो इंजिनात दाबतो त्या हवेचा जादा दाब; तो पीएसआय या एककात मोजतात.) त्यामुळे नाव गाळून, काम कसे झाले, कोठे चुकले आणि पैसे वसूल झाले का, एवढेच लिहितो.

जोंगा ही मूळची जपानच्या निसान कंपनीची 'पॅट्रोल' नावाची गाडी. जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून ती लष्करासाठी बनू लागली आणि 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून तिचे नाव तयार झाले. देवळालीचा तोफखाना शेजारीच असल्याने नाशिककरांना ही गाडी नवी नाही. लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या जोंगा दिंडोरी, सिन्नरकडच्या मळ्यांत अजूनही दिसतात. त्यांतल्या बहुतेकांना पेट्रोलच्या खर्चापायी डिझेल इंजिने बसली. आमच्या गाडीत मात्र वडिलांच्या हट्टामुळे मूळचे ३९५६ सीसीचे, सरळ रांगेत सहा सिलिंडर असलेले पेट्रोल इंजिन टिकून राहिले. कागदावर त्याची ताकद ११० हॉर्सपॉवर. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथील हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सात टक्क्यांच्या आसपास कमी असतो, आणि तेवढी ताकद कोणतेही साधे इंजिन येथे आधीच गमावून बसते. दिंडोरीजवळच्या आमच्या द्राक्षबागेत दीड हजार लिटरचा पाण्याचा ट्रेलर घेऊन चढ चढताना ही गाडी दम टाकत असे, म्हणून टर्बोचा विचार मनात आला.

पहिल्याच भेटीत, आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी, मालकांनी कायद्याचा विषय काढला आणि त्यासाठी या वर्कशॉपला मी सर्वाधिक गुण देईन. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ स्वरूपापासून वेगळे करणाऱ्या फेरफारांना आडकाठी करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधिक स्पष्ट केले. शिवाय जुलै २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांनुसार, पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला ती विशेष नोंदणी हवी असेल, तर चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणजे टर्बो बसवला की व्हिंटेज नोंदणीचा मार्ग बंद होतो आणि गाडी सार्वजनिक रस्त्यावरही नेता येत नाही. माझी गाडी मळ्याच्या कुंपणाबाहेर जात नाही, अंबडलाही ती ट्रेलरवर चढवूनच नेली. तरीही मूळ मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर तेल लावून, खोक्यात भरून, वर चिठ्ठी चिकटवून त्यांनी मला परत दिले, म्हणजे उद्या विचार बदललाच तर इंजिन पूर्ववत करता यावे.

सरळ रांगेतील सहा सिलिंडरच्या इंजिनाला टर्बो इतका का मानवतो, हे तेथील ज्येष्ठ फोरमन काकांनी खडूने फरशीवर काढून दाखवले. मायकोतून (आताच्या बॉश कंपनीतून) निवृत्त झालेला हा माणूस डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या सूक्ष्म मापांत आयुष्य घालवून आता जुन्या इंजिनांत रमला आहे. फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४ असा असल्यामुळे पुढच्या तीन आणि मागच्या तीन सिलिंडरमध्ये स्फोट आलटून पालटून होतात. पुढच्या तिघांचा धूर एका वाटेने आणि मागच्या तिघांचा दुसऱ्या वाटेने नेला, तर प्रत्येक वाटेवर क्रँकच्या दर २४० अंशांनी एकेक धक्का येतो आणि एकाचा धूर दुसऱ्याच्या आड येत नाही. मला दोन छोटे टर्बो हवे होते (दिसायला ते रुबाबदार दिसतात, हे कबूल करतो). काकांनी मात्र दोन वाटा असलेल्या हाउसिंगचा एकच टर्बो सुचवला : जोडण्या निम्म्या, तेलाच्या नळ्या निम्म्या, गळतीच्या जागाही निम्म्या. भंगारातून डिझेल गाडीचा टर्बो आणण्याची माझी सूचनाही त्यांनी फेटाळली, कारण पेट्रोल इंजिनाचा धूर डिझेलपेक्षा बराच अधिक तापलेला असतो आणि डिझेलच्या टर्बोतील हलत्या पात्यांना तो सोसवत नाही. स्वतः निसाननेही सहा सिलिंडरच्या इंजिनाला टर्बो जोडला होता : १९७९ मध्ये दोन लिटरच्या एल-२०-ईटी इंजिनासह आलेली सेड्रिक ही जपानमधील पहिली टर्बो प्रवासी मोटार मानली जाते. तेव्हा घराण्याचा वारसा आपण मोडत नाही, असे मी स्वतःला समजावले.

टर्बोला हात लावण्यापूर्वी तीन आठवडे केवळ इंजिनाच्या तपासणीत गेले. कॉम्प्रेशन घेतले, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजला, तेव्हा पाच सिलिंडर १२५ ते १३० पीएसआयच्या दरम्यान निघाले आणि चौथा १०५ वर अडकला. हेड उतरवल्यावर त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खड्डे पडलेला आणि त्याची सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती कडी, खाली बसलेली दिसली. हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहे. ते पेट्रोल २००० सालापासून देशात बंद झाले आणि तेव्हापासून अशा इंजिनांच्या नरम सीट झिजतच आहेत. त्यात टर्बोची उष्णता वाढवली असती, तर हंगामभरात सहाही व्हॉल्व्ह गेले असते. कठीण धातूच्या सीट बसवणे, बेअरिंग बदलणे आणि ऑइल पंपाची गिअर तपासणे यांत बिलाची जवळजवळ अर्धी रक्कम गेली. त्या वेळी मला ते खटकले, हे लपवत नाही. मात्र जुन्या इंजिनाला बूस्ट देणे म्हणजे त्याच्या जुन्या दुखण्यांनाही बूस्ट देणे, हे काकांचे म्हणणे चौथ्या सिलिंडरचा तो व्हॉल्व्ह हातात घेतल्यावर पटले.

बूस्ट त्यांनी ५ पीएसआयवर रोखला. नाशिकच्या हवेत याचा अर्थ दाब सुमारे १.३६ पट होतो. एप्रिलमधील ४० अंशांची हवा एवढी दाबली की टर्बोतून बाहेर पडताना ८० अंशांच्या वर जाते, म्हणून ती थंड करणारा लहानसा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसवला. मूळ कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण) आधीच कमी असल्याने पिस्टन बदलावे लागले नाहीत. जुन्या संथ इंजिनाचा हा एक अनपेक्षित फायदा. डेल्कोचे (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे) टायमिंग बूस्टमध्ये सात अंशांनी मागे येईल अशी व्यवस्था केली, एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे, प्लग घातले आणि त्यांची गॅप कमी केली.

खरी कसोटी कार्ब्युरेटरची होती. टर्बोची दाबलेली हवा कार्ब्युरेटरमधून ढकलायची ठरल्याने त्याच्या वाटीतही (पेट्रोल साठते त्या कप्प्यातही) तोच दाब पोहोचवावा लागतो, नाहीतर जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रातून, पेट्रोल वर चढत नाही. आणि वाटीत दाब आला की पेट्रोलची पातळी राखणारा पोकळ पितळी फ्लोट चेपण्याची भीती असते. काकांनी आमचा फ्लोट गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून धरला, तेव्हा डाखाच्या जोडापाशी मोहरीएवढा एक बुडबुडा हळूच फुगला, सुटला आणि त्याच जागी दुसरा आला. तो फ्लोट बाद झाला. जुना यांत्रिक पंपही निरुपयोगी ठरला, कारण बूस्टच्या दाबाविरुद्ध पेट्रोल ढकलण्याइतका जोर त्याच्यात नव्हता. आता इलेक्ट्रिक पंप आणि बूस्टनुसार दाब वाढवणारा रेग्युलेटर आहे. थ्रॉटलच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना नवे सील घातले, कारण बूस्टमध्ये तेथून पेट्रोलचा फवारा बाहेर आला तर गाडी पेटू शकते. जेट मोठे केले, त्याला आणखी एक कारण होते : वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हवेशी साधारण १ : १३.५ असे प्रमाण लागते, तर साध्या पेट्रोलला १ : १४.७. त्याच इथेनॉलमुळे टाकीपासूनच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या.

आता तक्रारी. सहा आठवड्यांचे काम साडेचार महिन्यांवर गेले आणि त्या काळात फोन मलाच करावा लागत असे. दुसरी चूक अधिक गंभीर होती. पहिल्या चाचणीत इंजिन गरम होताच सायलेन्सरमधून निळा धूर निघू लागला आणि तरुण मेकॅनिकने टर्बोचे सील गेले म्हणून नवा टर्बो मागवण्याची तयारी केली. काकांनी खाली वाकून तेलाची परतीची नळी बघितली आणि काही न बोलता पाना मागितला. नळी करंगळीएवढी बारीक होती आणि चासीला वळसा घालताना मध्येच दोन बोटे वर चढली होती. टर्बोतले तेल परत येते ते केवळ उतारावरून, त्याला मागून कोणी ढकलत नाही. वाट तुंबली की ते सील ओलांडून धुरात उतरते. अंगठ्याएवढ्या जाड नळीने सरळ उतार देऊन ती ऑइल चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर जोडल्यावर धूर थांबला. वर्कशॉपने याचे पैसे घेतले नाहीत, हे खरे; परंतु इतक्या मूलभूत गोष्टीची तपासणी गाडी सुरू करण्यापूर्वीच व्हायला हवी होती. बिलातही मजुरीचा तपशील न देता एकच आकडा टाकला होता, तो मी तीनदा मागून फोडून घेतला. एकूण खर्च दोन लाख पंच्याऐंशी हजार आला, त्यात टर्बो, इंटरकूलर आणि नळ्या मिळून एक लाख वीस हजार.

बागेतल्या आठशे मीटरच्या चढावर भरलेला ट्रेलर घेऊन पूर्वी दोन मिनिटे वीस सेकंद लागत. आता एक मिनिट पंचेचाळीस सेकंद लागतात आणि गिअर मध्येच उतरवावा लागत नाही. बूस्टचा काटा १८०० आरपीएमच्या सुमारास हलू लागतो, त्यामुळे पूर्वी ज्या वळणावर गाडी घुटमळत असे, नेमके तेथेच ती आता खांदा लावते. शिट्टी अगदी बारीक ऐकू येते. बाजारात नाटकी आवाज काढणारे व्हॉल्व्ह मिळतात, ते मी घेतले नाहीत. रिकाम्या गाडीला मात्र पेट्रोल पूर्वीइतकेच लागते आणि भरल्या ट्रेलरला थोडे अधिक. बंद करण्यापूर्वी दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवावे लागते, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधले तेल करपते. आमच्या गड्याला ही सवय लागायला महिना गेला.

मळ्यात चालवण्यासाठी, आणि आधी इंजिन उघडण्याची तयारी असेल, तर या वर्कशॉपकडे जायला माझी हरकत नाही. तारखेच्या आश्वासनावर मात्र विसंबू नये आणि बिल आधीच बाबवार लिहून घ्यावे. पाचशे किलोमीटर झाल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्क करायला, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायला, त्यांनी बोलावले आहे. ते काम मोफत आहे, अंबडपर्यंतच्या ट्रेलरचे भाडे माझे.