चाक वाकलं: ठोकून घ्यायचं, जुनं शोधायचं की नवं टाकायचं?

पावसाळ्यात नागपुरात दुचाकीचं चाक वाकायच्या दोनच जागा: पाण्याने भरलेला गड्डा, नाहीतर सिमेंट रोडची कड. रस्ता वर, बाजूची जागा खाली आणि मधला भराव राहून गेलेला. तिरपी गाडी वर चढवताना रिमला असा ठोका बसतो की हँडलपर्यंत कळतो. मग खर्च किती, याचा निम्मा निकाल चाक स्पोकचं आहे की अलॉयचं, इथेच लागतो.

त्याआधी बेअरिंग बघून घ्या. गाडी मेन स्टँडवर लावून चाक दोन्ही हातांनी आडवं हलवा. खटखट जाणवली, तर दोष बेअरिंगचाही असू शकतो, आणि ते रिमच्या मानाने किरकोळ काम आहे.

स्पोकच्या चाकात हब (मधला तुंबा), स्पोक (तारा) आणि रिम (बाहेरचं कडं) वेगवेगळे, त्यामुळे बिघडलं तेवढंच बदलता येतं. गरिबाचं चाक म्हणून त्याला नावं ठेवतात, पण अशा वेळी तेच परवडतं. ‘आऊट काढणं’ म्हणजे एका बाजूचे स्पोक ढिले करून समोरच्या बाजूचे आवळणं. चांगला मिस्त्री शॉकअपला टेकवून खडू धरतो आणि चाक फिरवतो. रिम जिथे बाहेर येते तिथेच पांढरी रेघ उमटते. डावी-उजवीकडची लहर अशी निघते. बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दोन मिलिमीटरपर्यंतची लहर चालते, त्यामुळे अगदी सुतात आणायचा हट्ट नको. पण गड्ड्याने रिम एका जागी चपटी झाली असेल, तर ती स्पोक आवळून वर येत नाही. जास्त ताणलेले स्पोक मग एकेक करून तुटतात. तिथे सरळ नवी रिम घ्या. जुन्या रिमवर छापलेलं माप बघून आणि स्पोकची भोकं मोजून दुकानात जा. निपल (स्पोक आवळायचे छोटे नट) गंजून बसले असतील, तर स्पोकचा सेटही सोबतच बदला, कारण बांधणीची मजुरी दोनदा द्यायला नको. नव्याने बांधलेलं चाक थोडं चालल्यावर पुन्हा आवळून घ्यावं लागतं, हे मिस्त्री बहुतेक सांगत नाही.

अलॉयमध्ये हब आणि रिम एकाच ओतकामाचे. बदलायचं तर अख्खं चाक, म्हणून दुरुस्तीचा मोह जास्त. रिमची नुसती कड दबली असेल आणि हवा उतरत असेल, तर गरम करून प्रेसवर सरळ करून घेणं मागच्या चाकाला मला मान्य आहे. तडा गेला असेल तर नाही. आर्गन वेल्डिंग करून, घासून, रंग मारून देणारे भेटतात आणि काम दिसतंही झकास. पण वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू कमजोर होतो, आणि ते रंगाखाली दिसत नाही. पुढच्या चाकाला तर वेल्डिंगचं नावच काढू नका. मागचं चाक दगा देतं तेव्हा सावरायला निदान संधी असते. टायर काढायला लावून रिम आतूनही बघा. तडा बऱ्याचदा टायरच्या आड असतो.

भंगारातलं जुनं चाक हा मधला मार्ग. पण मोडीत निघालेली गाडी अपघाताची असेल, तर ती बहुधा समोरूनच आदळलेली असते. म्हणून जुनं मागचं चाक घ्यायला हरकत नाही, पुढचं मात्र दहादा विचार करून. दुकानातच एक्सल घालून फिरवून बघा. डिस्क की ड्रम, एक्सलची जाडी, एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीला सेन्सरची रिंग, हे जुळलं नाही तर स्वस्त चाक महागात पडतं. ड्रम आतून झिजला असेल, तर ते चाक तिथेच सोडा.

तुमचा विमा नुसता थर्ड पार्टी नसेल, तर क्लेमचा हिशेब आधी करा. झिरो डेप (घसाऱ्याची कपात टाळणारं जादा कवच) नसेल तर धातूच्या भागावर गाडीच्या वयाप्रमाणे कपात होते: एक ते दोन वर्षांच्या गाडीला 10 टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 टक्के. टायर-ट्यूबला 50 टक्के. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) जातो, पण तो फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यावर असतो आणि दुचाकीचा तो हप्ता लहानच. नवीन गाडीचं पुढचं अलॉय फुटलं असेल तर क्लेम बहुधा परवडतो. दहा वर्षांच्या गाडीच्या स्पोकच्या रिमसाठी विमा कंपनीच्या सर्व्हेअरची वाट बघण्यात अर्थ नाही.

राहिला ट्यूबलेस अलॉयमध्ये ट्यूब टाकायचा जुगाड. कड थोडीच दबली असेल आणि तडा नसेल, तर पगार होईपर्यंत शहरातल्या शहरात बर्डी-सक्करदरा चालवायला ठीक. मात्र पंक्चर झालं की ट्यूबची हवा एकदम जाते. रोज बुटीबोरीला ड्युटीवर जाणाऱ्याने वर्धा रोडच्या वेगात हा प्रयोग करू नये. तेवढे दिवस बस बरी.