बिलात 14 पिशव्या, पिल्लाचं वजन 7.4 किलो: प्राण्यांच्या ‘आयसीयू’तली फसवणूक

बिलाची पहिलीच ओळ: आरएल 500 मिलि, नग 14. म्हणजे 38 तासांत 7 लिटर सलाईन, आणि तेही 7.4 किलोच्या, पाच महिन्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाला. पार्व्होचं, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या त्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचं पिल्लू ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना एवढ्यावरच सगळं कळेल. तरी पूर्ण हिशेब मांडते आहे, कारण हेच बिल नाव आणि तारीख बदलून उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात पडणार आहे.

पिल्लाची रोजची गरज किलोमागे 60 मिलि धरली तर दिवसाला 444 मिलि होते. अंगातलं पाणी 8 टक्क्यांनी कमी झालं असेल तर ती तूट 592 मिलि. उलट्या-जुलाबातून जाणाऱ्याचे दिवसाला 300 धरा, सढळ हाताने. पहिल्या 24 तासांचे झाले 1336 मिलि, पुढच्या 14 तासांचे 434. सुरुवातीला शॉकसाठी किलोमागे 15 मिलिचे दोन बोलस (थोड्या वेळात भरभर दिलेलं सलाईन) दिले असं मानलं तर आणखी 222. एकूण 2 लिटरच्या आत, म्हणजे चार पिशव्या. उरलेल्या दहा पिशव्यांचं काय झालं? अंगात गेल्या असत्या तर फुप्फुसात पाणी भरलं असतं, नाकातून पातळ स्राव आला असता, डोळ्यांच्या कडा फुगल्या असत्या. केसपेपरवर यातलं एक अक्षर नाही. त्या पिशव्या पिल्लाला लागल्याच नाहीत, फक्त बिलाला लागल्या.

आता तो क्षण, जो आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. दाखल करताना काउंटरवर फॉर्म भरला गेला, त्यात वजनाच्या रकान्यात लिहिलं ‘अंदाजे 12’. वजनकाटा दाराशेजारीच होता आणि त्यावर सामानाचं खोकं ठेवलेलं होतं. पिल्लू काट्यावर ठेवलंच नाही. आदल्याच दिवशी नेहमीच्या डॉक्टरांच्या काट्यावर 7.4 भरलं होतं, ते सांगितलं तर ‘वर बघू’ असं उत्तर आलं. आणि वजन होण्याआधी, हिरड्यांचा रंग बघण्याआधी, ग्लुकोजचा एक थेंब तपासण्याआधी इस्टिमेटच्या 70 टक्के रक्कम भरून घेतली. अतिदक्षता उपचारात औषधाचा प्रत्येक थेंब वजनावर ठरतो. ज्यांनी वजनच केलं नाही ते डोस कशावरून काढणार होते? सगळी फसवणूक त्या एका रकान्यात उघडी पडली होती.

‘मग तिथेच का नाही उठलात?’ असं विचारणारे पुष्कळ भेटले. रात्री साडेनऊला रक्ताचे जुलाब होणारं, मान टाकलेलं पिल्लू मांडीवर असतं, दुसरं उघडं हॉस्पिटल तासाभराच्या अंतरावर असतं आणि समोर चोवीस तास आयसीयूची पाटी झळकत असते. अशा वेळी माणूस काटा बघत नाही, पिल्लाचा श्वास बघतो. या धंद्याला नेमकं हेच ठाऊक असतं. भोळेपणाचा दोष पालकाच्या माथी मारू नका. आणि हेही सांगते, 12 किलो खरे मानले तरी असाच हिशेब सहा पिशव्यांवर थांबतो. त्यांचं खोटं त्यांच्याच आकड्यात बसत नाही.

थेंब मोजायला शिका. साध्या सलाईन सेटला 20 थेंबांचा 1 मिलि होतो. या पिल्लाला पहिल्या दिवशी तासाला साधारण 56 मिलि हवं होतं, म्हणजे मिनिटाला 18-19 थेंब, दर तीन सेकंदांनी एक. 14 पिशव्या खरंच संपवायच्या तर मिनिटाला 61 थेंब अखंड पडायला हवेत, सेकंदाला एक. संध्याकाळी त्यांनीच व्हिडिओ कॉलवर दाखवलेल्या ड्रिपच्या चेंबरमध्ये काहीच पडत नव्हतं. बिलात मात्र इन्फ्यूजन पंपाचे तीन दिवस लावलेत. व्हिडिओत पंप कुठेच नाही, नळीवर हाताने फिरवायची चकती आहे.

तीन दिवस कसे? रात्री साडेनऊला दाखल, तिसऱ्या तारखेला सकाळी साडेअकराला बाहेर. तास 38, पण तारखा तीन. दाखल करतानाच विचारा: चार्ज 24 तासांचा की तारखेचा? उत्तर इस्टिमेटवर लिहून घ्या.

व्हेंटिलेटर 6 तास, दुपारी 2 ते रात्री 8. व्हेंटिलेटर म्हणजे नाकाशी धरलेला ऑक्सिजन नव्हे. त्यासाठी श्वासनलिकेत नळी घालावी लागते आणि नळी सहन व्हावी म्हणून प्राण्याला पूर्ण गुंगीत ठेवावं लागतं. कुशी बदलावी लागते, डोळ्यांत मलम घालावं लागतं, तोंड ओलं ठेवावं लागतं, एक माणूस क्षणभरही हलू शकत नाही. त्याच दिवशी दुपारी 4 वाजता त्यांनी पाठवलेल्या फोटोत पिल्लू मान वर करून बसलंय, गळ्यात कॉलर, पुढच्या पायाला कॅथेटरची पट्टी, तोंडात काही नाही. शुद्धीतला कुत्रा ती नळी सहन करत नाही. हॉस्पिटलने पाठवलेला प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ वेळेसकट जपून ठेवा.

रक्ताची ओळ तर वाचवत नाही. ‘होल ब्लड 450 मिलि, 1 युनिट.’ कुत्र्याच्या अंगात किलोमागे 80 ते 90 मिलि रक्त असतं, म्हणजे या पिल्लात सगळं मिळून 600 ते 660 मिलि. त्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त रक्त बाहेरून चढवल्याचा हा दावा आहे. नेहमीचं प्रमाण किलोमागे 10 ते 20 मिलि, इथे फार तर 150. ढोबळ नियम असा की किलोमागे 2 मिलि रक्ताने पीसीव्ही, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण, 1 ने वाढतो. 450 मिलि गेलं असतं तर 30 ने वाढायला हवा होता. त्यांच्याच रिपोर्टात आधी 34, नंतर 31. सलाईनने रक्त पातळ होतं आणि पीसीव्ही थोडा उतरतो, हे खरं, पण 30 चा फरक त्याने गिळला जात नाही. शिवाय 34 ला रक्त चढवायची गरजच काय होती? पिशवीचा नंबर नाही, दात्या कुत्र्याची नोंद नाही, क्रॉसमॅच (रक्त जुळतं का याची चाचणी) नाही. रक्त चढवलं असं कुणी सांगितलं तर रिकामी पिशवी मागा. मांजराच्या बाबतीत गट तपासल्याचा कागद पाहिल्याशिवाय परवानगीच देऊ नका. बी गटाच्या मांजराला ए गटाचं रक्त गेलं तर ते जिवावर बेततं.

मॅरोपिटंट, म्हणजे उलट्या थांबवायचं इंजेक्शन: 20 मिलिच्या दोन बाटल्या. 1 मिलिमध्ये 10 मिलिग्रॅम असतं, डोस किलोमागे 1 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. दोन डोसचे दीड मिलिसुद्धा होत नाहीत, बिल 40 मिलिचं.

आणि एवढ्या लांबलचक बिलात रक्तातली साखर तपासल्याची नोंद फक्त एकदा. पार्व्होच्या पिल्लाच्या पोटात काही टिकत नाही, यकृतात साठा नसतो, साखर बघता बघता 60 च्या खाली येते आणि पिल्लू झटके येऊन जातं. दर चार ते सहा तासांनी कानाच्या कडेला सुई टोचून एक थेंब बघायचा असतो. साखर कमी आली तर 50 टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे अर्धा ते 1 मिलि, पातळ करून शिरेतून हळूहळू द्यायचं, मग सलाईनमध्येच मिसळून चालू ठेवायचं. 38 तासांत किमान सहा-सात वेळा व्हायला हवी होती ती तपासणी. सगळ्यात स्वस्त काम होतं ते. त्यात मिळण्यासारखं काही नव्हतं, म्हणून केलं नाही. पैसे गेल्याचा राग एक वेळ ओसरेल, हा ओसरणार नाही. वेळेवर आणि नीट उपचार मिळाले तर पार्व्होची बहुतेक पिल्लं उठून बसतात.

मृत्यूची वेळ लिहिलीय सकाळी 10.50. साडेअकराला ताब्यात दिलं तेव्हा जबड्यापासून मागच्या पायांपर्यंत सगळं शरीर ताठ होतं. ताठरपणा साधारण काही तासांनी, जबड्याकडून सुरू होतो आणि मग पसरतो. खूप ताप किंवा झटके असतील तर लवकर येतो, पण त्या सकाळच्या कागदावर ताप नाही, झटके नाहीत. सकाळी 8 च्या फोनवर ‘स्टेबल आहे, झोपलंय’ असं सांगितलं गेलं.

त्यावर ‘सीपीआर 20 मिनिटं, अॅड्रेनॅलिन 10 अँप्युल’. 2012 च्या आणि 2024 मध्ये सुधारलेल्या ‘रिकव्हर’ या प्राण्यांच्या सीपीआरसाठीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलायचा. अॅड्रेनॅलिन किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, दर 3 ते 5 मिनिटांनी. या पिल्लाचे 20 मिनिटांतले सगळे डोस मिळून साधारण अर्ध्या अँप्युलमध्ये बसतात. सीपीआर करायचा की नाही, हे पालकाला दाखल करतानाच विचारून सही घ्यायची असते. ते कुणी विचारलंही नाही.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात सांगितलं, हा पैशाचा वाद आहे, दिवाणीत जा. पशुवैद्यकांच्या नोंदणी परिषदेने प्रतिज्ञापत्र मागितलं, ते दिल्यावर संपूर्ण केसपेपर मागितला. केसपेपर हॉस्पिटलकडे, हॉस्पिटल म्हणतं परिषदेने मागितला तर देऊ, परिषद म्हणते तक्रारदाराने जोडावा. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडूनच पुरावा आणून द्या म्हणे! ग्राहक तक्रारीत बऱ्याचदा तज्ज्ञाचं लेखी मत लागतं. बिल बघून ‘हे शक्यच नाही’ असं तोंडी सांगणारे डॉक्टर सहीचं नाव काढलं की गप्प होतात, उद्या त्यांनाही याच शहरात काम करायचंय. परवाना देणारं कार्यालय म्हणालं, आम्ही जागा बघतो, आत काय चालतं ते आमच्याकडे येत नाही. मग ‘आयसीयू’ हा शब्द पाटीवर लिहिण्याआधी आत रात्री डॉक्टर असतो का, हे बघायचं कुणी? एकानेही ‘हे आमचं काम आहे’ म्हटलं नाही. एका टेबलावर तर ‘कुत्रंच होतं ना?’ असं ऐकावं लागलं. त्या बाईंच्या टेबलावर फाईल अजून तशीच पडून आहे.

चांगली हॉस्पिटलं नाहीत असं नाही. खरी अतिदक्षता महाग असते, कारण तिथे रात्रभर जागी माणसं लागतात, आणि ते पैसे रास्त आहेत. तिथे प्राणी आधी काट्यावर जातो आणि वजन दशांशासकट लिहिलं जातं. वाचण्याची शक्यता किती ते तोंडावर सांगतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त खर्च लिहून देतात, तुम्हाला आत येऊन बघू देतात. रात्री 3 वाजता प्राण्याजवळ कोण असेल, त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. नाव सांगायला अडखळले तर तिथे रात्री कुणी नसतं. पैसे रोख देऊ नका.

शंका असेल तर शवविच्छेदन करून घ्या, आणि ते त्याच हॉस्पिटलमध्ये नको. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागात विचारा. शरीर थंड ठेवा, 4 अंशांच्या आसपास, पण गोठवू नका. गोठलेल्या पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत नीट काही कळत नाही. 24 तासांच्या आत पोचवा.

आणि बिल भरण्याआधी, प्राणी तिथे असतानाच, तासागणिक नोंदींचा तक्ता मागा: तापमान, नाडी, श्वास, हिरड्यांचा रंग, लघवी किती झाली, सलाईन किती गेलं, साखर किती, आणि प्रत्येक नोंदीपुढे सही. लघवी तासाला किलोमागे 1 ते 2 मिलि व्हायला हवी, तो रकाना कोरा असेल तर कुणी बघत नव्हतं. तक्त्याचा तिथल्या तिथे फोटो काढा, नंतर तो नव्याने लिहिला जातो. आम्हाला मिळालेल्या तक्त्यात 38 तासांच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेल्या आहेत, आणि दुसऱ्या रात्री 11 ते सकाळी 7 पर्यंत तापमान दर तासाला 101.2 आहे.