टॅप करून पैसे देणारं कार्ड: लक्ष्मी रोडच्या खरेदीसाठी कितपत सुरक्षित?

कार्डाच्या तंत्रात दोष काढायला फारशी जागा नाही. चिप प्रत्येक व्यवहाराला नवा गुप्त संकेत तयार करते, त्यामुळे एकदा चोरलेला संकेत पुन्हा चालत नाही. धोका आहे तो काउंटरवर. १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंत पिन न विचारता टॅप चालतं. म्हणजे हरवलेलं कार्ड कुणीही वापरू शकतो. लक्ष्मी रोडवर सणाच्या गर्दीत विक्रेता कार्ड हातात घेऊन आत जायला निघतो, तेव्हा मशीनच बाहेर मागवा. पडद्यावरची रक्कम वाचा, शून्यं मोजा, मगच कार्ड टेकवा.

बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंदच ठेवा. हे सर्वांत महत्त्वाचं, कारण परदेशी संकेतस्थळांवर अनेकदा ओटीपीशिवाय नुसत्या कार्ड क्रमांकावर आणि सीव्हीव्हीवर (कार्डामागचा छोटा सुरक्षा क्रमांक) पैसे जातात. टॅपची मर्यादा १,००० वर आणली तरी तुळशीबागेतली किरकोळ खरेदी सहज भागते.

मशीनवर ‘डिक्लाइन’ (व्यवहार नाकारला) आलं आणि तरी खात्यातून पैसे गेले, तर लगेच दुसऱ्यांदा टॅप करू नका. बँकेची मंजुरी मिळाली, पण नेटवर्क तुटल्याने मशीनपर्यंत पोचली नाही, असं बरेचदा असतं. आधी एसएमएस बघा, नापास पावती मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार ही रक्कम व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी. पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. ती हक्काची आहे, मागायला संकोच नको.